सीझनल ॲलर्जीसाठी काढा किंवा हर्बल चहा: तुम्ही काय पिता आणि नेमका कशाला फरक पडतो?

आकडेमोड
नमस्कार मंडळी. गवताला तुरे आले की माझं नाक सुरू होतं. सकाळी उठल्या उठल्या सलग पंधरा-वीस शिंका, मग डोळ्यांना खाज, मग टाळूला आतून अशी खाज की जीभ घासत बसावं वाटतं, आणि दुपारपर्यंत नाक ठार चोंदलेलं. दरवर्षी साधारण सहा आठवडे हेच. गोळी घेतली की शिंका थांबतात पण दिवसभर डोकं जड, पापण्या मिटायला लागतात, आणि माझं काम सगळं आकड्यांचं, एक शून्य इकडचं तिकडे झालं की संपलं. म्हणून यंदा काढे आणि हर्बल चहावर निभावून बघायचं ठरवलंय. सध्या सकाळी आलं-तुळस आणि रात्री एक तयार हर्बल चहाची पुडी चालू आहे. तुमचे अनुभव सांगा. नुसतं "आलं घाला" असं नको प्लीज. किती घालता, किती वेळ उकळता, कधी पिता आणि काय कमी झालं (शिंका? खाज? चोंदणं?) हे सांगितलंत तर उपयोग होईल.

अर्धाकप
मी सांगते माझं. अंगठ्याच्या पेराएवढं आलं, किसत नाही, ठेचते. दीड कप पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटं, झाकण ठेवून. गॅस बंद केला की पाच-सहा तुळशीची पानं चुरडून टाकायची आणि परत झाकण, पाच मिनिटं. गाळायचं, कोमट झालं की चमचाभर मध. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.
काय कमी होतं विचारलंस ना, तर शिंका अजिबात नाही. घशाची खवखव आणि ते नाकामागून घशात उतरत राहणारं पाणी, याला मात्र चांगला आराम पडतो. रात्री खोकला येऊन उठावं लागत नाही, माझ्यासाठी तेच खूप आहे.

निळीशाई
पुदिना! मूठभर ताजी पानं, वर उकळतं पाणी, झाकण, सात-आठ मिनिटं. पिताना आधी वाफ हुंगायची. दोन मिनिटांत नाक मोकळं. मला गोळीपेक्षा लवकर गुण येतो.

रानवाट
अर्धाकप आणि निळीशाई, दोघींनी झाकण लिहिलंत हे वाचून बरं वाटलं. लोक उघड्या पातेल्यात पुदिना पंधरा मिनिटं खळाखळा उकळतात, सगळं घर घमघमतं आणि कपात उरतो हिरवा कडवटपणा. वास म्हणजे उडून जाणारी तेलंच असतात, ती वाफेबरोबर निघून जातात. साधा हिशोब असा की पानं आणि फुलं उकळायची नाहीत, त्यांवर गरम पाणी ओतून झाकून ठेवायचं. मुळं, साली, लाकडासारखं कडक काही असेल ते उकळायचं.
(वनस्पतीशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लागते, सांभाळून घ्या.)

मात्रावेलांटी
मी फार्मसिस्ट आहे, दोन गोष्टी लिहिते.
निळीशाई, पुदिन्यातल्या मेंथॉलने नाक मोकळं झाल्यासारखं *वाटतं*, पण हवेची ये-जा मोजली तर ती तेवढीच असते. नाकात थंडावा ओळखणारे जे मज्जातंतू असतात ते मेंथॉलने जागे होतात आणि मेंदूला वाटतं भरपूर हवा येतेय. आता याचा अर्थ तुझा आराम खोटा असा नाही हं, श्वास घ्यायला बरं वाटणं हाच तर आराम. पण आतली सूज तशीच असते हे लक्षात असू दे.
आकडेमोड ताई, तुम्ही गोळी कुठली घेता? क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिनसारख्या जुन्या गोळ्या मेंदूत शिरतात म्हणून झोप येते. सेटिरिझिनने काहींना येते. लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन यांनी बऱ्याच जणांना फारशी येत नाही. सगळ्या गोळ्या सोडण्याआधी डॉक्टरांना फक्त गोळी बदलून द्या म्हणून विचारून बघा.

जुनापिंपळ
गोळ्यांच्या मागे लागूच नका. मूळ कारण म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडते. आलं, मिरी, लवंग, दालचिनी, ज्येष्ठमध घालून अष्टमांश काढा करावा, म्हणजे आठ भाग पाण्याचा एक भाग राहीपर्यंत आटवायचा. मी बारा वर्षं रोज घेतोय. शिंका म्हणजे काय ते विसरलो.

रानवाट
काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण "प्रतिकारशक्ती कमी" हे ॲलर्जीत उलटं आहे. इथे शरीराची पहारेकरी यंत्रणा कमी पडत नाही, जास्तच तत्पर असते. गवताचा पराग काही शत्रू नाही, पण शरीराने त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात, ती नाकातल्या मास्ट पेशींवर चिकटून वाट बघत बसतात. पराग आला की पेशी फुटल्यासारख्या हिस्टामिन सोडतात आणि मग शिंका, पाणी, खाज. ॲलर्जी हा शब्दच १९०६ मधला, क्लेमेन्स फॉन पिरके यांनी काढला, "वेगळी प्रतिक्रिया" अशा अर्थाने. त्यामुळे शक्ती "वाढवून" हे थांबणार नाही.

जुनापिंपळ
मला पेशी माहीत नाहीत. मला बारा वर्षं माहीत आहेत. प्रत्येक गोष्टीला प्रयोगशाळेचा शिक्का लागतो का?

मात्रावेलांटी
काका, तुमच्या बाजूचंही सांगते की. २०२० मध्ये एक चाचणी छापून आली होती, ८० ॲलर्जीचे पेशंट, सहा आठवडे, अर्ध्यांना रोज ५०० मिग्रॅ आल्याचा अर्क आणि अर्ध्यांना १० मिग्रॅ लोराटाडिन. दोन्हीकडे त्रास जवळपास सारखाच कमी झाला. फक्त त्यात काहीच औषध नसलेल्या गोळीचा तिसरा गट नव्हता, आणि तो कॅप्सूलमधला अर्क होता, कपातला काढा नव्हे. म्हणून मी आल्याला नाही म्हणणार नाही, पण आलं घेतलं की गोळी नको असंही म्हणणार नाही.

जुनापिंपळ
हे बरं सांगितलंत. धन्यवाद.

दोनपिल्लं
मधाचं काय? मी ऐकलंय की आपल्याच भागातला मध रोज खाल्ला की तिथल्या परागाची सवय होते आणि ॲलर्जी जाते. म्हणून मी मुलांच्या पुदिन्याच्या चहात तोच घालते.

रानवाट
कल्पना छान आहे पण पराग चुकीचे आहेत :) मधमाशी जाते रंगीत, वासाच्या फुलांवर. त्यांचे पराग जड आणि चिकट, माशीच्या अंगाला चिकटून प्रवास करतात. आपल्याला शिंका आणतात ते वाऱ्यावर उडणारे पराग, गवताचे, काही झाडांचे, रॅगवीडसारख्या तणांचे. ते हलके, कोरडे आणि प्रचंड संख्येने. मधात त्यांचं प्रमाण नगण्य. २००२ मध्ये ३६ जणांवर तपासलं होतं, स्थानिक मध, लांबून आणलेला मध आणि मधासारखं दिसणारं गोड सिरप. तिघांत फरक निघाला नाही.
घशाला मात्र मध चांगलाच. तेवढ्यासाठी खुशाल घाला.

मात्रावेलांटी
आणि दोनपिल्लं, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, चाटणसुद्धा नाही. त्यातल्या बोट्युलिझम या विषबाधेच्या बीजाणूंना तोंड द्यायला बाळाचं आतडं तयार नसतं. शिजवून, गरम चहात घालून पण हे बीजाणू मरत नाहीत.

दोनपिल्लं
धाकटी अडीच वर्षांची आहे, त्यामुळे ठीक. पण सांगितलंत ते बरं झालं, माझ्या बहिणीचं बाळ सात महिन्यांचं आहे, तिला आत्ताच कळवते. आणि माझ्याकडून एक, मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफ द्यायला बसवू नका. आमच्या ओळखीत पातेलं कलंडून मांडी भाजली होती पोराची, महिनाभर पट्ट्या. बाथरूममध्ये गरम शॉवर सोडून दहा मिनिटं बसवलं तरी काम होतं.

कातरवेळ
नेटल कुणी ट्राय केलीये का, ती अंगाला लागली की आग करणारी खाजरी पानं? वाळवून चहा करतात, मी दोन वर्षं पितेय. चव पालेभाजीच्या पाण्यासारखी. मला वाटतं डोळ्यांची खाज कमी होते, पण खात्रीने नाही सांगता येणार कारण त्याच दिवसांत मी खिडक्या बंद ठेवायला पण लागले.

मात्रावेलांटी
तू दोन्ही एकदम सुरू केलंस हे सांगितलंस ते फार महत्त्वाचं आहे, बहुतेक लोक ते विसरतात. नेटलवर १९९० ची एक छोटी चाचणी आहे, ६९ जणांनी पूर्ण केलेली, निकाल प्लासिबोपेक्षा (म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा) जरा बरा. पण ते गोठवून वाळवलेल्या पानांचे कॅप्सूल होते. गरम पाण्यात तेच गुण उतरतात का हा वेगळा प्रश्न.
आणि बटरबर नावाच्या झाडाबद्दल कुणी सांगितलं तर घरी करू नका. २००२ मध्ये १२५ पेशंटवर त्याच्या अर्काची सेटिरिझिनशी तुलना झाली होती आणि तो तोडीस तोड ठरला, म्हणून त्याचं नाव झालं. पण कच्च्या झाडात यकृताला घातक अल्कलॉइड्स असतात, ती चाचणीतल्या अर्कातून काढून टाकलेली होती. घरच्या पातेल्यात ती निघत नाहीत.

धुळाक्षर
जरा अवांतर, पण याच ओघात. झाडांपासून ॲलर्जीची खरीखुरी औषधं निघालीत. एफेड्रा नावाच्या झुडपातून नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये एफेड्रिन वेगळं केलं, नाक मोकळं करणाऱ्या सुडोएफेड्रिन गोळ्या त्याच घराण्यातल्या. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्झिन आलं, कफ पातळ करणारं. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, अम्मी विस्नागा म्हणून बडीशेपेच्या कुळातलं एक झाड आहे, त्याच्या बियांत खेलिन असतं. रॉजर अल्टुन्यान हे डॉक्टर स्वतः दमेकरी, त्यांनी खेलिनपासून केलेली एकेक संयुगं स्वतःवर तपासली. आधी औषध ओढायचं, मग ज्याची ॲलर्जी तेच हुंगायचं, मग श्वास मोजायचा. वर्षानुवर्षं. त्यातून क्रोमोग्लायकेट मिळालं, जे आजही डोळ्यांच्या थेंबांत असतं. म्हणजे काढा आणि औषध हे वैरी नाहीतच, मधे फक्त एका माणसाची भयंकर चिकाटी आहे.

निळीशाई
व्वा! हे माहीत नव्हतं. मी तेच थेंब घालते.

रानवाट
धुळाक्षर, मग ब्लॅकलींना का सोडलंत? चार्ल्स ब्लॅकली, त्यांनाही दर उन्हाळ्यात हा त्रास. पराग स्वतः हुंगून, कातडीवर खरवडून लावून बघितले, आणि उंचावर पराग किती हे बघायला पतंगाला चिकट काचा बांधून उडवल्या. १८७३ मध्ये पुस्तक लिहून सिद्ध केलं की दोषी पराग आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे. आकडेमोड ताई, तुमची रात्रीची पुडी. तिच्यात काय काय आहे? पाकिटावर असेल ते जसंच्या तसं लिहा.

आकडेमोड
किती वाचायला मिळालं, सगळ्यांना धन्यवाद! पाकीट समोर आहे: कॅमोमाईल फुलं, बडीशेप, ज्येष्ठमध, पुदिना. झोप छान लागते म्हणून घेते. पण आता विचारलंत म्हणून आठवतंय, रात्री टाळूची खाज जरा जास्तच असते. मला वाटायचं दिवसभराचे पराग अंगावर असतात म्हणून.

रानवाट
थांबवा ताई, निदान आठवडाभर. कॅमोमाईल हे सूर्यफुलाच्या कुळातलं. रॅगवीड, मगवर्ट, गाजरगवत, शेवंती, झेंडू सगळे एकाच घरचे. ज्यांना त्या तणांच्या परागाची ॲलर्जी असते त्यांच्यातल्या काहींना कॅमोमाईलनेही होते, शरीराला दोन्ही प्रथिनं सारखीच दिसतात. आणि यात एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही, आपण तुळस-पुदिन्याचं पान भिजवतो, कॅमोमाईलचं मात्र अख्खं फूल. फूल म्हणजे परागासकट. ज्याला घाबरून खिडकी बंद केली तेच कपात घालून पितो आपण.
मगवर्टची ॲलर्जी असेल तर बडीशेप, कोथिंबीर, सेलरी यांनीही काहींच्या तोंडाला खाज सुटते.

सायंतारा
मी सहसा फक्त वाचते, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. चार वर्षांपूर्वी सीझन ऐन भरात होता, सगळ्यांनी सांगितलं कॅमोमाईल शांत असतं, घे. पहिल्या दिवशी ओठांना मुंग्या आल्या, वाटलं गरम प्यायले म्हणून. दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी अर्धा कप झाला आणि ओठ जाड वाटायला लागले, मग जीभ, मग गळ्याशी काहीतरी आवळतंय असं, आणि अंगभर गांधी. घरी मी एकटी. बोलायला गेले तर आवाज वेगळाच येत होता. शेजारणीचं दार वाजवलं, तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि गाडीची चावीच उचलली. इंजेक्शन दिल्यावर वीस मिनिटांत आवाज परत आला. नंतर तपासणी केली तर रॅगवीड.
मला राग याचा येतो की पहिल्या दोन दिवशी शरीर सांगत होतं. मी ऐकलं नाही कारण "हर्बल आहे, काय होणार". प्लीज, ओठ-जीभ सुजली, आवाज बदलला किंवा श्वास लागला तर पुढचा घोट नाही, वाट बघणं नाही, थेट इमर्जन्सी.

अर्धाकप
बापरे सायंतारा. वाचतानाच अंगावर काटा आला. लिहिलंस ते फार बरं केलंस.

दोनपिल्लं
मग गवती चहा? तो तर गवतच आहे, आणि मोठ्याला गवताची ॲलर्जी.

रानवाट
चांगला प्रश्न. कूळ गवताचंच, बरोबर. पण आपण घेतो ती पाती, तुरा नाही, आणि त्रास परागातल्या प्रथिनांचा. त्यामुळे बहुतेकांना काही होत नाही. तरी नवीन काही देताना एकच वनस्पती, थोडी, दिवसा, आणि ओठ-तोंड कसं वाटतंय ते विचारायचं. पाच गोष्टींचं मिश्रण एकदम दिलं आणि खाज सुटली तर कुणामुळे ते कळणारच नाही.

कातरवेळ
त्या पुडीतल्या ज्येष्ठमधाबद्दल पण बोला कुणीतरी. माझ्या बाबांना घशासाठी काढ्यातून रोज द्यायचो, चांगले दोन महिने. पायांना सूज, बीपी वर वर, गोळ्या वाढवल्या तरी उतरेना. शेवटी डॉक्टरांनी विचारलं घरगुती काय घेता, आणि ज्येष्ठमध ऐकल्यावर आधी ते बंद करा म्हणाले. काही आठवड्यांत उतरलं.

मात्रावेलांटी
हो, अगदी असंच होतं. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं, मग मीठ-पाणी शरीरात धरून राहतं आणि पोटॅशियम निघून जातं. युरोपात मोठ्यांसाठी दिवसाला १०० मिग्रॅ ग्लायसिरायझिन ही मर्यादा सांगितली आहे. आठ भागांचा एक भाग आटवलेल्या काढ्यात किती आहे हे घरी मोजता येत नाही. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, पाणी काढणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल तर नकोच. गरोदरपणात अडुळसाही नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आलं-हळदीचे दाट काढे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नकोत.
आणखी एक, फेक्सोफेनाडिन घेत असाल तर ते पाण्याबरोबरच घ्या. सफरचंद, संत्रं, ग्रेपफ्रूट यांच्या रसाबरोबर ते अंगात नीट शोषलंच जात नाही, आणि मग लोक म्हणतात गोळीने काही झालं नाही.

जुनापिंपळ
मला बीपीची गोळी चालू आहे, सात वर्षं. ज्येष्ठमध रोज आहे काढ्यात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही डॉक्टरांना काढ्याचं कधी बोललो नाही, औषध थोडीच आहे म्हणून. उद्याच विचारतो. बाकीचा काढा सोडणार नाही.

मात्रावेलांटी
सोडू नका काका, फक्त यादी करून डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक जिन्नस, अंदाजे किती, दिवसातून कितीदा.

निळीशाई
आता मला पुदिना प्यायची पण धास्ती वाटायला लागली!

अर्धाकप
अगं नाही, पी बिनधास्त. छातीत जळजळ होत असेल तर मात्र पुदिन्याने ती वाढू शकते, तेवढं बघ. बाकी गरम पेयाचं सुख आहेच की. सर्दीच्या तीस जणांवर २००८ मध्ये बघितलं होतं म्हणे, गरम फळांचं पेय आणि तेच साध्या तापमानाचं. गरम प्यायलेल्यांना घसा, थकवा, हुडहुडी सगळ्यालाच आराम वाटला. ॲलर्जी नव्हती ती, पण गळणारं नाक आणि दुखरा घसा तोच ना.

रानवाट
आणि नाक मिठाच्या पाण्याने धुणं, यासारखं सोपं काही नाही. चिकटलेले पराग सरळ वाहून जातात. फक्त पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं, नळाचं थेट नाकात नको. पिण्याला चालणारं पाणी नाकाला चालतंच असं नाही, क्वचित त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो.

आकडेमोड
बारा दिवसांनी परत आले. काय काय केलं ते क्रमाने लिहिते.
रात्रीची पुडी त्याच दिवशी बंद केली. चौथ्या दिवशी लक्षात आलं की रात्री टाळू खाजत नाहीये. शिंका होत्या तशाच, सकाळी पंधरा-सोळा. म्हणजे दोन वेगळे त्रास मी एकात धरत होते. डॉक्टरांकडे गेले, सायंताराचा अनुभव वाचून पुडीचं रिकामं पाकीटच घेऊन गेले. त्वचेची चाचणी झाली, गवत आलंच, पण तणांमध्ये मगवर्टही आलं. बडीशेप पण काही दिवस बंद.
गोळी बदलून मिळाली, झोप येत नाही. नाकाचा स्टिरॉइड स्प्रे दिलाय, तो लगेच काम करत नाही, रोज मारावा लागतो आणि पुढच्या वर्षी सीझनच्या दोन आठवडे आधी सुरू करायचाय. काल सकाळच्या शिंका चार.
काढा आहेच! अर्धाकपच्या पद्धतीने आलं-तुळस, सकाळी आणि कामावरून आल्यावर. कामावरून आले की आधी कपडे बदलते, तोंड धुते, मग पातेलं चढवते. ती पंधरा मिनिटं ओट्याशी उभं राहून वास घ्यायचा, घसा सैल होतो, बरं वाटतं. शिंकांचं काम आता त्याच्यावर टाकत नाही.

सायंतारा
पाकीट घेऊन गेलात हे वाचून खरंच बरं वाटलं.

जुनापिंपळ
माझंही सांगून टाकतो. डॉक्टरांनी ज्येष्ठमध काढायला सांगितलं, पोटॅशियम तपासायला दिलंय. काढा त्याविना जरा तिखट लागतो.

अर्धाकप
काका, आलं थोडं कमी करा आणि गाळल्यावर मध. तिखटपणा जाईल.

आकडेमोड
एक शेवटचं विचारते. हाच काढा थर्मासमध्ये भरून कामावर नेला तर चालेल का, की दुपारपर्यंत बिघडतो?

अर्धाकप
चालतो. मी नेते. फक्त तुळशीची पानं गाळून काढ, राहिली तर दुपारी कडूजहर होतं. आल्याचे तुकडे राहू देत, जेवायच्या वेळेपर्यंत मस्त झणझणीत होतो. आणि मध आत नको घालू, वेगळ्या डबीत ने.